निवांत तेलाचा दीड टक्का

कुणाच्या घरी गेले की मी त्यांच्या बाथरूममधल्या फळीवरच्या बाटल्या फिरवून मागची बाजू वाचते. सवय वाईट आहे, मान्य. माझ्या लेकीने त्यावरून मला किती वेळा सुनावलं असेल, "ममा, प्लीज! इट्स समवन एल्सेस बाथरूम!" पण सव्वीस वर्षं मी ज्या कामाचा पगार घेतला, ते काम हेच होतं. बाटल्यांची, डब्यांची, पुड्यांची मागची बाजू वाचायची.

हुद्द्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं आणि ते सांगून कुणाला काही कळत नसे. दुबईतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात कुणी विचारलं की मी सरळ सांगायचे, "आपल्याकडच्या जनरल स्टोअरमधलं सामान इथल्या दुकानात जायच्या आधी माझ्या टेबलावरून जातं." आमची कंपनी भारतातून असलं सामान आणून दुबई-शारजाच्या सुपरमार्केटांना पुरवते. बाम, दंतमंजन, शिकेकाई, उटणं, खरजेचं मलम, केसांची तेलं. यातली प्रत्येक वस्तू इथे विकायची तर आधी तिची सरकारदरबारी नोंद करावी लागते. आत काय काय आहे, किती टक्के आहे, सगळ्यांची बेरीज शंभर झाली पाहिजे, वेष्टनावर काय लिहिलंय, त्याचं अरबी भाषांतर काय. नोंद मंजूर झाली की आमच्या शारजातल्या गोदामात प्रत्येक नगावर एक पांढरं अरबी स्टिकर चिकटतं. बामच्या बाटलीच्या पाठीवर अर्धा मजकूर झाकणारं ते स्टिकर तुम्ही पाहिलं असेल. नखाने खरवडून काढायचा प्रयत्नही केला असेल. त्यातली पुष्कळशी माझी कामगिरी आहे.

यात मुख्य गोम अशी की वस्तू एक तर अंगाला लावायचं प्रसाधन असते, नाही तर औषध. 'अमुक रोग बरा करते' असं एक अक्षर जरी वेष्टनावर असलं तरी ती औषध झाली, आणि मग तिच्या तपासण्या नि कागदपत्रं निस्तरताना लहान निर्मात्याच्या नाकी नऊ येतात. म्हणून आपल्याकडचं बहुतेक सामान प्रसाधन म्हणूनच येतं, आणि रोगांची नावं काढून टाकावी लागतात. आता आपली जुनी लेबलं कशी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. एका मलमाच्या डबीवर मी स्वतः मोजले होते, बत्तीस विकार. खरूज, नायटा, गजकर्ण इथपासून सुरू होऊन विंचवाचा दंश, सासुरवाशिणीची डोकेदुखी आणि शेवटी 'मन उदास असता'. मी सगळे खोडले आणि लिहिलं, 'त्वचेला लावण्यासाठी'. डॉक्टर लोक रोग बरे करतात, मी आयुष्यभर नुसते खोडले. खोडताना कधी कधी वाईटही वाटायचं. 'मन उदास असता' लिहिणाऱ्या माणसाने ते कुणाला तरी बघून लिहिलं असणार.

लेबल वाचायला मी शिकले ती आमच्या दुकानात. माझ्या वडिलांचं, भाऊंचं, लांज्याला एस.टी. स्टँडसमोर जनरल स्टोअर होतं. आत शिरल्यावर डाव्या हाताला रिबिनी, पिना, बटणं, पाट्या-पेन्सिली, स्टोव्हच्या पिना, कंदिलाच्या काचा आणि दोऱ्याची रिळं. उजव्या हाताला काचेची दारं असलेलं कपाट, त्यात औषधं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचा, त्यामुळे मधले पाच दिवस तालुक्याचं आरोग्य त्या कपाटावर चाले. ताप, खोकला, पोटदुखी, गळू, केस गळणं, मूल रडणं, प्रत्येकाची बाटली ठरलेली. निम्म्या गिऱ्हाइकांना वाचता येत नसे. भाऊ चष्मा लावून लेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवत, छापखान्याच्या पत्त्यासकट. लोक माना डोलवत ऐकत. मला वाटतं, निम्मा गुण त्या वाचनानेच यायचा.

बाटली देण्याआधी भाऊ दोन प्रश्न विचारत. कुणासाठी? आणि आधी काय दिलंय? एकदा लावणीच्या दिवसांत एक बाई तान्ह्या मुलाला झोपवायचे थेंब मागायला आली. मूल निजलं तरच तिला शेतावर जाता येणार होतं. भाऊंनी बाटली काढली, वाचायला लागले आणि मधेच थांबले. म्हणाले, "अगो, ह्याच्यात काय आहे ते लिहिलेलंच नाही. मग मी तुला वाचून काय दाखवू?" बाटली परत कपाटात गेली. त्या बाईला त्यांनी सांगितलं की पोराला दुकानात आणून ठेव, आमची ही बघेल. आठ दिवस ते मूल माझ्या आईच्या मांडीवर होतं. नंतर एजंट आला तेव्हा भाऊंनी त्या थेंबांचं अख्खं खोकं त्याच्या हातात ठेवलं. इथे आल्यावर मला जे काही मोठमोठ्या पुस्तकांतून शिकवलं गेलं, ते मला तेव्हाच कळलेलं होतं, असं मी जरा अभिमानाने सांगते.

निर्माते म्हणजे एकेक नमुना. मिश्रीवाल्याने फॉर्मवर तंबाखूपुढे 'नाही' अशी खूण केली होती. मी फोन केला तर म्हणाला, "मॅडम, तंबाखू कुठाय? तंबाखू तर आम्ही जाळून टाकतो, राहते ती राख!" आसववाल्याच्या बाटलीत आठ टक्के अल्कोहोल निघालं. तो म्हणाला, "आम्ही घालत नाही हो, आपोआप होतं." मी म्हटलं, "अहो, आमच्या शारजात आपोआप झालेलंही चालत नाही." त्याला ते फार अन्यायाचं वाटलं.

गिऱ्हाइकंही कमी नव्हती. शनिवारी मी मुद्दाम एखाद्या सुपरमार्केटात जाऊन आपल्या मालाच्या फळीजवळ उभी राहायचे. एकदा डिस्कव्हरी गार्डन्स या वस्तीतून आलेल्या एक काकू त्या मलमाची डबी हातात घेऊन सेल्समनला झापत होत्या. "ये क्या है? पहले बत्तीस बीमारी पे चलता था, अब नुसतं 'त्वचेला लावण्यासाठी'? और दाम बारा दिरहम! म्हणजे आपले पावणेतीनशे रुपये! औषध पातळ कर दिया तुम लोगों ने." तो बिचारा नेपाळी, त्याला काय कळणार? मी पुढे होऊन सांगितलं, "काकू, मलम तेच आहे. फक्त नावं काढलीयत." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुणी काढली?" मी म्हटलं, "कुणास ठाऊक." आणि तिथून सटकले.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते. चार वर्षांपूर्वीची आहे, आणि तिच्यात चूक माझी आहे.

आमच्या लांज्यापासून तासाभरावरच्या एका गावात नाना म्हणून एक गृहस्थ 'निवांत' नावाचं तेल बनवतात. डोक्याला लावायचं थंड, हिरवट तेल. भाऊंच्या कपाटात ते मधल्या फळीवर असे. आमच्या घरी दर शनिवारी आई ते आमच्या डोक्यावर थापटायची आणि आम्ही भावंडं दुपारी गाढ झोपायचो. इथे सगळं आलं, निवांत आलं नाही, याची मला रुखरुख होती. नानांच्या मागे मी दोन वर्षं लागले. गावाला गेले की त्यांच्या कारखान्यात जायचे. कारखाना म्हणजे कौलारू लांब खोली, चुली, मोठाली पितळी पातेली, आणि बाटल्या भरणाऱ्या अकरा बायका. नाना तेव्हा त्रेसष्टीचे. शिडशिडीत, पांढरी टोपी, बोलायला मोजके. शेवटी ते तयार झाले. एका मोठ्या सुपरमार्केटने ऑर्डर दिली, आणि ती पुरी करायला नानांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसरी शेड बांधली.

त्यांनी घटकांचा तक्ता सही करून पाठवला. तिळाचं तेल साठ टक्के, खोबरेल, ब्राह्मी, माका, कापूर वगैरे. बेरीज झाली साडेअठ्ठ्याण्णव. मी फोन केला, "नाना, दीड टक्का कमी पडतोय."

"ते आमच्या घरातलं आहे, ताई. ते कुणाला सांगत नाही."

हे मला नवीन नव्हतं. जुन्या निर्मात्यांत ही रीतच आहे. एक वस्तू कागदावर आणायची नाही, म्हणजे कुणाला नक्कल करता येत नाही. बापाने मरताना मुलाच्या कानात सांगायची. दरवेळी मी कागद परत पाठवायचे, गोड बोलायचे, कधी दरडावायचे, आणि महिन्याभराने ती गुप्त वस्तू भीमसेनी कापूर किंवा हिरवा रंग निघायची. असे कितीतरी कापूर मी बाहेर काढले होते. बेरीज शंभर झाल्याशिवाय नोंदणीचं सरकारी पोर्टल पुढे सरकत नाही आणि मीही सरकत नसे. याबद्दल माझं बाजारात नाव होतं.

आणि निवांतच्या वेळी मात्र मी तिळाच्या तेलापुढे साठच्या जागी साडेएकसष्ट लिहिलं. पोर्टलवरचा लाल चौकोन हिरवा झाला. माहेरची बाटली होती. जिच्यात माझं बालपण झोपलं, तिच्यात वाईट काय असणार, असं मला वाटलं. परक्या कुणाच्या तेलाला मी हे कधीच केलं नसतं.

नोंद मंजूर झाली, माल भरला, कंटेनर न्हावा शेवाहून निघाला. दुबईच्या जेबेल अली बंदरात पोचायला चार दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ऑफिसातली मोना दोन कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. मोना इजिप्तची, शिकलेली फार्मासिस्ट. कस्टम्सला जायच्या आधी सगळी कागदपत्रं ती तपासायची.

"वैशाली, हबीबती, मॅन्युफॅक्चररच्या कागदावर तीळ सिक्स्टी. पोर्टलवर सिक्स्टी-वन पॉइंट फाइव्ह. व्हाय?" 'हबीबती' म्हणजे लाडके. तिचं इंग्रजी मी इथे मराठीत घालते आहे, पण तो 'व्हाय' तसाच ठेवते.

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. थंड तेल. हमखास झोप. आणि घरातली, न सांगायची एक वस्तू. आपल्याकडे डोकं थंड करून झोप आणायला जुने लोक तेलात काय घालतात? खसखस.

भारतातल्या वाचकांसाठी सांगायला हवं. खसखस इथे अमली पदार्थांत मोडते. चिमूटभरसुद्धा. इथल्या मराठी बायका म्हणूनच दिवाळीचे अनारसे तिळावर थापतात, आणि सासूबाई येणार असल्या की विमानात बसायच्या आधी फोन करून बॅगेतला मसाला तपासायला लावतात. न कळत आणली म्हणून तुरुंगात गेलेल्यांच्या गोष्टी आम्ही सगळ्यांनी ऐकल्या आहेत. आणि मी पाच हजार बाटल्यांबद्दल सही करून सांगितलं होतं की यात काय काय आहे ते मला माहीत आहे. माझं धाबं दणाणलं. मी मोनाला तिथेच सगळं खरं सांगितलं.

ती खुर्ची ओढून बसली. "कस्टम्सचं डिक्लेरेशन अजून फाइल केलं नाहीये," ती म्हणाली. "केलं की ते खोटं डिक्लेरेशन होईल. आपल्याकडे तीन दिवस आहेत. यल्ला, चल, आधी नझीरभाईंना सांग."

नझीरभाई आमचे मालक, कोझिकोडचे. मी सांगत असताना ते टेबलावरचा पेन फिरवत होते. तो थांबला. "मॅडम, आपने?" एवढंच म्हणाले. तोवरच्या सगळ्या वर्षांत मला त्या कचेरीत कुणी ओरडलं नव्हतं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"कंटेनर वापस नहीं बुला सकते?" मी विचारलं.

"मॅडम, ये जहाज है, टॅक्सी नहीं. पहले उस आदमी से पूछिए अंदर क्या है. खसखस निकला तो मैं खुद पोर्ट को बता दूँगा, माल नष्ट होगा, आपका नाम भी जाएगा. मेरा भी."

नोंदणीच्या वेळच्या तीन बाटल्या माझ्या कपाटात होत्या. त्यातली एक मोनाने दुबईतल्या एका प्रयोगशाळेत तातडीने पाठवली. आणि मी नानांना फोन लावला. व्हॉट्सअॅपवर इथून कॉल लागत नाही, म्हणून साधाच. मी त्यांना खसखशीचं सांगितलं, तुरुंगाचं सांगितलं. ते म्हणाले, "खसखस नाही त्यात."

"मग काय आहे, नाना? मला फक्त नाव सांगा. मी कुणाला बोलणार नाही. कागदावर लिहिणार, पण तो कागद इथल्या सरकारकडे राहील."

"वडिलांना शब्द दिलाय, ताई." आणि त्यांनी फोन ठेवला.

दुपारी परत केला. उचलला नाही. संध्याकाळी कारखान्यातल्या एका बाईने उचलला. म्हणाली, "नाना जेवले नाहीत. नव्या शेडमध्ये बसून आहेत." मला त्या माणसाचा राग आला, खोटं कशाला बोलू? अकरा बायकांचं पोट त्या ऑर्डरवर, माझी अब्रू तिच्यावर, आणि हे बसलेत शब्द धरून. शारजाच्या त्या रोजच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास गाडीत बसून मी मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलले. मग स्वतःलाही बोलले, कारण लाल चौकोन हिरवा कुणी केला होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझा फोन वाजला. नाना होते.

"ताई, गाडीत आहात का?"

"नाही, घरीच आहे. बोला."

"ती वस्तू मला ठाऊक नाही."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. त्यांनी परत सांगितलं, आणि मग एकदा सुरुवात झाल्यावर सगळंच सांगितलं. मी त्यांच्या तोंडून इतकी वाक्यं कधी ऐकली नव्हती.

त्यांचे वडील तेल शिजत आलं की सगळ्यांना बाहेर काढायचे, आतून कडी लावायचे आणि पाचेक मिनिटांनी दार उघडायचे. तेवढ्यात ते ती वस्तू घालत. मुलगा तिशीचा झाला की सांगेन, असं म्हणायचे. नाना बावीस वर्षांचे असताना ते एका सकाळी तराजूपाशीच कोसळले आणि गेले. वहीत सगळे घटक लिहिलेले, शेवटच्या ओळीत मात्र वस्तूचं नाव नाही, नुसतं 'दीड'. नानांनी घर धुंडाळलं, वैद्यांना विचारलं, आईला विचारलं. कुणाला ठाऊक नव्हतं. दुकानदारांच्या मागण्या पडून होत्या, घरात दोन बहिणी लग्नाच्या. त्यांनी त्या वस्तूशिवायच तेल केलं.

"आणि कडी?" मी विचारलं.

"कडी लावतो की. अजून लावतो. बायका बाहेर उभ्या राहतात. नाही लावली तर त्यांना कळेल."

"आत काय करता, नाना?"

"बसतो. पाच मिनिटं होईपर्यंत बसतो आणि दार उघडतो."

एकेचाळीस वर्षं. दर घाण्याला. मी गॅसवरचा चहा उतू गेलेला बघत उभी होते. आदल्या दिवशी मी या माणसाला आडमुठा म्हणाले होते, याची मला लाज वाटली.

मग कामाचं बोलणं आलंच, ते मी टाळू शकत नव्हते. मी त्यांना सांगितलं की प्रयोगशाळेचा अहवाल चांगला आला तरी तो अर्धाच पुरावा आहे. प्रयोगशाळा विचारलं तेवढंच सांगते, खसखस आहे की नाही. उरलेल्यासाठी निर्मात्याचं प्रतिज्ञापत्र लागेल, की वरच्या घटकांखेरीज या तेलात दुसरं काहीही घातलं जात नाही. नोटरीसमोर.

"आमच्याकडे नोटरी माझा मेहुणा आहे," नाना म्हणाले. "त्याला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं." मग म्हणाले, "लोक म्हणतील, बापाचं तेल म्हणून पोराने फसवलं."

मी त्यांना आग्रह केला नाही. आग्रह करायचा मला अधिकार उरला नव्हता. एवढंच म्हटलं, "नाना, माझी चूक मी मालकांना सांगितलीय. तुमचं तुम्ही ठरवा. उद्या दुपारपर्यंत कागद आला नाही तर माल नष्ट करायला सांगावा लागेल."

त्या दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला. खसखशीचा, अफूचा मागमूस नव्हता. मोनाने "अलहम्दुलिल्ला" म्हणून मला मिठी मारली, पण नझीरभाईंनी मान हलवली. "पेपर, मॅडम. पेपर के बिना नहीं." त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि याआधी शंभर वेळा म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ईमेल आली. मेहुण्याच्या शिक्क्यासकट, नानांच्या तिरप्या सहीसह. 'वरील घटकांव्यतिरिक्त कोणतीही वस्तू या तेलात मिसळली जात नाही व मागील एकेचाळीस वर्षांत मिसळलेली नाही.' ही एकेचाळीस वर्षं मी मागितली नव्हती. ती त्यांनी आपण होऊन लिहिली होती.

आहे त्याच वस्तू शंभराच्या हिशेबात बसवून मी नवीन तक्ता केला. माझी जुनी नोंद चुकीची होती आणि ती मी चुकीची केली होती, असं पत्र जोडलं. अशा नोंदी मंजूर करणाऱ्या दुबई पालिकेतल्या बाईंनी दोन दिवस प्रश्न विचारले, कंटेनर आठवडाभर बंदरात थांबला, आणि सुटला. नझीरभाईंनी मला लेखी ताकीद दिली. सव्वीस वर्षांतली ती एकच. निवृत्त होताना बाकीच्या प्रशस्तिपत्रकांबरोबर तीही मी मागून घेतली. बाकीची मला लोकांनी दिली होती, ही मी कमावली होती.

कंटेनर सुटल्याचं सांगायला मी नानांना फोन केला. मागे बायकांच्या बोलण्याचा, बाटल्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज येत होता. म्हणजे गावाला कळलं होतं आणि तरी काम चालू होतं. ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. नाना मात्र आनंदले नाहीत. म्हणाले, "ताई, एक विचारू? वडिलांचं तेल बुडवलं ना मी?"

मला त्या क्षणी राग आला, पण त्यांचा नाही. एवढी वर्षं त्या माणसाच्या मनात हे होतं, याचा.

"नाना, ऐका," मी म्हटलं. "तुमचे वडील गेले तेव्हा मी दहावीत होते. माझ्या आईने त्यांचं तेलही लावलंय आणि तुमचंही. तिला फरक कळला नाही. आणि माझी आई म्हणजे मीठ जरा निराळं लागलं तरी दुकान बदलणारी बाई. इथे दुबईत ज्यांनी ही ऑर्डर दिली, ज्या बाया हे तेल मागतात, त्यांच्यातल्या कुणी तुमच्या वडिलांचं तेल बघितलेलंही नाही. त्यांना जे हवंय ते तुमचं आहे. सगळं तुमचं. शंभर टक्के."

मग मी कामाचा आवाज काढला, कारण दुसरा कुठला मला निघेना.

"नाना, आता कायमच्या नोंदीचा नवा फॉर्म भरायचाय, त्यावर एक रकाना आहे. सूत्र कोणाचं. जुन्या फॉर्मवर तुम्ही वडिलांचं नाव घातलं होतंत. आता ते चालणार नाही, त्यांच्या सूत्रात एक वस्तू जास्त होती. मी काय लिहू?"

मग त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. मधलं नाव, आडनाव, सगळं, एकेक इंग्रजी अक्षर सुटं करून, शाळेतल्या मुलाने फळ्यापुढे उभं राहून सांगावं तसं. मी लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण जरा थांबा, ताई. फोन ठेवू नका. बायकांना इकडे बोलावतो. तुम्ही ते पुन्हा एकदा वाचा, मोठ्याने."